सीडीशिवाय जागा होणारा संगणक

संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाजवळ पूर्वी सीडींचं एक जाड पाकीट हमखास असायचं. एक सीडी विंडोजची, दोन-तीन लिनक्सच्या, एक मेमरी तपासायची, एक हार्ड डिस्कची नक्कल काढायची. मी शाळा-कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळा लावून देण्याचं काम करतो, त्यामुळे असं पाकीट मीही बरीच वर्षं वागवलं. आता बहुतेक नव्या संगणकांना सीडी ड्राइव्ह नसतोच आणि जुन्यांचे ड्राइव्ह धुळीनं गेलेले असतात. पेन ड्राइव्ह आहे, पण तो एका यंत्रापुरता. चाळीस यंत्रांवर प्रत्येकी वीस मिनिटं धरा. तेरा तासांहून अधिक झाले. परीक्षा परवावर आली असताना एवढा वेळ कुठून आणायचा?

यावरचा उपाय बराच जुना आहे. बटण दाबल्यावर संगणकाला स्वतःचं असं फारसं काही येत नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस, एकेकाला विचारत जातो: हार्ड डिस्कवर काही आहे का? सीडीत आहे का? हाच प्रश्न नेटवर्क कार्डालाही विचारता यावा म्हणून इंटेलनं एक पद्धत ठरवून दिली. तिची २.१ ही आवृत्ती १९९९ साली आली. नाव पीएक्सई, पण आम्ही मंडळी तिला ‘पिक्सी’च म्हणतो.

पिक्सीचं काम असं चालतं. यंत्र सुरू झालं की कार्ड नेटवर्कवर हाक देतं, “मी अमुक क्रमांकाचं कार्ड. मला पत्ता द्या आणि पुढे काय वाचायचं ते सांगा.” पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, शिवाय एका सर्व्हरचं आणि एका फाइलचं नाव सांगतो. कार्ड ती फाइल टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीनं उतरवून घेतं. ती बहुधा एच. पीटर अँविन यांनी लिहिलेल्या पीएक्सईलिनक्सची असते. मग हा प्रोग्रॅम आपला मेन्यू शोधतो. आधी त्या यंत्राच्या कार्ड क्रमांकाची फाइल, मग त्याच्या पत्त्यावरून, शेवटचं एकेक अक्षर गाळत जाऊन, आणि काहीच सापडलं नाही तर ‘डिफॉल्ट’ नावाची सर्वांसाठीची फाइल. म्हणजे प्रयोगशाळेतल्या यंत्रांना एक मेन्यू आणि प्राचार्यांच्या यंत्राला वेगळा, असंही करता येतं.

आता मुख्य प्रश्न. सीडीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, या मेन्यूत कशी घालायची? सीडीवरचा बाइट न् बाइट एका फाइलीत उतरवला की झाली प्रतिमा. नाव आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकावरून पडलं. सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ पद्धत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडली. मला नेहमी विचारतात, “फाइल सर्व्हरवर ठेवली, मेन्यूत नाव लिहिलं, झालं ना?” नाही होत. पीएक्सईलिनक्सला आयएसओच्या पोटातलं काही कळत नाही.

त्यासाठी मेमडिस्क नावाचा एक मध्यस्थ आहे. मेन्यूत कर्नल म्हणून मेमडिस्क लिहायचं, त्याच्यापुढे आयएसओचं नाव द्यायचं आणि ‘आयएसओ’, ‘रॉ’ असे दोन शब्द जोडायचे. मेमडिस्क अख्खी प्रतिमा रॅममध्ये घेतो आणि बायॉसच्या वाटेत उभा राहतो. कुणी बायॉसकडे सीडीचा तुकडा मागितला की हा रॅममधून काढून देतो. डॉसवर चालणारी हत्यारं, मेमरी तपासणारे छोटे प्रोग्रॅम यांना एवढं पुरतं. मात्र सातशे मेगाबाइटची प्रतिमा आणि एक गिगाबाइट रॅम असेल, तर उरलेल्या जागेत संगणकानं करायचं काय?

लिनक्सच्या सीडीची मात्र यात गंमत होते. मेन्यू दिसतो, पडद्यावर ओळी धावतात, आपण खूश होतो आणि तेवढ्यात निरोप येतो की सीडी सापडत नाही. फाइल रॅममध्येच असते, तरी सापडत नाही! कारण लिनक्सचा कर्नल सुरू झाला की बायॉसला विचारणं सोडून देतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरनं ड्राइव्ह शोधू लागतो. कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाकडे मागितला तर कागद मिळतो. हा गडी कारकुनाला ओलांडून थेट दप्तरखोलीत शिरतो आणि तिथे कपाटच नसतं. या पायरीवर लोक आयएसओच खराब आहे असं समजून ती पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

खरा मार्ग थोडा कष्टाचा आहे. आयएसओ सर्व्हरवर उघडायची आणि तिच्यातून दोन फाइली काढायच्या: कर्नल आणि त्याच्यासोबतची सुरुवातीची शिदोरी, म्हणजे इनिटआरडी. मेन्यूत त्यांची नावं लिहायची आणि उरलेला ऐवज कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता ‘अपेंड’च्या ओळीत द्यायचा. क्लोनझिला ‘फेच’ या शब्दापुढे तो पत्ता घेतं. काही लिनक्सना एनएफएसवर उघडून ठेवलेलं फोल्डर लागतं. डेबियन तर नेटवर्कसाठी वेगळा छोटा संचच देतं, आयएसओ फोडावीच लागत नाही. प्रत्येकाचे शब्द निराळे, म्हणून एकाची ओळ उचलून दुसऱ्याला लावली की ती चालत नाही. आणि कर्नल नव्या आयएसओतला, बाकीचा ऐवज जुन्यातला, अशी खिचडी केली की ड्रायव्हर चढत नाहीत. विंडोजचा रस्ता वेगळाच. त्यासाठी आयपीएक्सई मंडळींचा विमबूट वापरतात.

हा मोठा ऐवज टीएफटीपीनं ओढू नये. मुळात ती पद्धत ५१२ बाइटचा तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते, मग पुढचा पाठवते. सातशे मेगाबाइटचे चौदा लाखांवर तुकडे होतात. पुढे मोठे तुकडे मागण्याची सोय झाली, तरी चाळीस यंत्रं एकदम मागू लागली की हाल व्हायचे ते होतातच. आयपीएक्सई २०१० मध्ये सुरू झालं, ते एचटीटीपीनं, म्हणजे वेबसाइट उघडतात त्या वाटेनं, फाइली आणतं. मी मोठ्या फाइली त्याच वाटेनं नेतो.

कॉलेजात आधीच एखादा राउटर पत्ते वाटत असेल तर दुसरा डीएचसीपी सर्व्हर त्याच्याशेजारी कधीही उभा करू नका. अख्ख्या कार्यालयाचं नेट बंद पडतं आणि दोष कुणाचा यावर दिवस जातो. डीएनएसमास्कमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. ती पत्ता देत नाही, फक्त फाइलचं नाव सांगते.

याहून गंभीर धोका मेन्यूच्या पहिल्या ओळीत असतो. एका प्रयोगशाळेत कुणीतरी ‘डिस्क पुसून नवीन विंडोज टाका’ ही नोंद आपोआप निवडली जाईल अशी ठेवली होती, दहा सेकंदांच्या मुदतीवर. यंत्रं आधी नेटवर्कवरूनच सुरू होत होती. भारनियमनाची वीज दुपारी गेली आणि तासाभरानं आली. वीज येताच यंत्रं आपोआप जागी झाली, मेन्यू आला, समोर कुणी नव्हतं. मुलांचे प्रकल्प गेले. तेव्हा पहिली नोंद नेहमी स्वतःच्या डिस्कवरून सुरू होण्याचीच हवी. पीएक्सईलिनक्समध्ये तिला ‘लोकलबूट’ म्हणतात. डिस्क पुसणाऱ्या नोंदींना पासवर्ड हवा. शिवाय पिक्सी उत्तर देणाऱ्याची ओळख तपासत नाही. कुणाचाही लॅपटॉप सर्व्हर बनून आधी उत्तर देऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेचं नेटवर्क वेगळं ठेवावं.

नव्या यंत्रांत बायॉसची जागा यूईएफआयनं घेतली आहे आणि तिथे मेमडिस्क चालत नाही. यंत्र हाक देतानाच आपण कोणत्या जातीचं आहोत ते सांगतं, त्यावरून सर्व्हरनं दोघांना वेगवेगळी फाइल द्यायची. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली फाइल यंत्र नाकारतं. यूईएफआयच्या २०१५ च्या २.५ आवृत्तीपासून एचटीटीपीनं थेट सुरू होण्याचीही तरतूद झाली. मी दोन्ही जातींचे मेन्यू वेगळे ठेवतो आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या तारखेला चालवून पाहिली ते लिहितो.