नाटकातून मी काय शिकले?



यंदा ३ जानेवारीला आपल्या शाळेत बालिका दिन साजरा झाला. त्या दिवशी आम्ही सातवीच्या मुलामुलींनी सावित्रीबाई फुले यांच्यावर एक छोटे नाटक केले. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेथे त्या शिकवीत. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. हा प्रसंग आमच्या नाटकात होता आणि शेण फेकणारा माणूस मी झाले होते!

मला ते काम मुळीच नको होते. सावित्रीबाई झाली होती माझी बाकावरची मैत्रीण. तिच्यावर शेण कसे फेकायचे? पण वर्गात मुले कमी आणि माझा आवाज मोठा, म्हणून बाईंनी मलाच उभे केले. त्या म्हणाल्या, "अगं, पूर्वी नाटकात बायकांची कामे पुरुष करीत. बालगंधर्व शकुंतला होत, मग तू पुरुष व्हायला काय हरकत?"

बाईंनी आम्हाला अभिनयाचे चार प्रकार सांगितले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ते दिलेले आहेत.

पहिला आंगिक, म्हणजे शरीराचा अभिनय. आमच्या नाटकात खरे शेण नव्हते. रिकामी मूठ फेकायची होती. मी कितीही जोरात हात फिरवला तरी खोटेच वाटे. मग बाईंनी युक्ती सांगितली. मी आधी वाकून जड गोळा उचलायचा, हाताला घाण लागल्यासारखी बोटे फाकायची. मैत्रिणीने खांदा मागे घेऊन पदर झटकायचा. तिने तसे केले आणि शेण दिसू लागले! फेकणाऱ्यापेक्षा झेलणाऱ्याचा अभिनय मोठा, हे मला तेव्हा कळले.

दुसरा वाचिक, म्हणजे बोलण्याचा. आपल्याकडे माईक नाही. मी ओरडायचे तर दोन दिवसांत घसा बसला. मग पोटात श्वास भरून, शब्द सावकाश तोडून बोलायला शिकले. बाई पटांगणातल्या लिंबाखाली उभ्या राहत. तिथे ऐकू गेले की हात वर करीत.

तिसरा आहार्य, म्हणजे वेषभूषा. आजोबांचे धोतर, पागोटे आणि काजळाची मिशी. धोतर नेसल्यावर माझी चालच बदलली.

चौथा सात्त्विक, म्हणजे मनातून येणारा. घाम फुटणे, अंगावर काटा येणे, डोळ्यांत पाणी येणे हे त्यात येते. हाच मला जमेना. तालमीत मी डोळे वटारून दात खाई आणि सगळे हसत. बाई म्हणाल्या, "तो माणूस राक्षस नव्हता. तो का चिडलाय ते शोधून आण."

घरी येऊन मी आजीला विचारले, "आजी, तू शाळेत गेली होतीस का गं?"

"न्हाई. भाऊ गेला. मी गुरं राखली."

"कोणी अडवलं तुला?"

"माझ्याच बापानं. वाईट नव्हता गं तो. लई जीव लावायचा. पर पोरीनं शिकायचं म्हणजे काय, हेच त्याला ठाव नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी डोळे वटारले नाहीत. रोज गावात दिसणाऱ्या माणसासारखी साधी उभी राहिले आणि शांतपणे गोळा उचलला. कोणी हसले नाही.

नाटकाच्या दिवशी आजी पहिल्या रांगेत होती. गोळा उचलल्यावर माझी तिच्याशी नजरानजर झाली आणि मी पुढचे वाक्यच विसरले! हात तसाच वर राहिला. सगळीकडे शांतता. मैत्रीण डगमगली नाही. ती माझ्याकडे बघत थांबली, तेव्हा मला वाक्य आठवले. नंतर पालक म्हणाले, ती शांतताच फार छान होती. ती चूक होती, हे मी आज इथे सांगत आहे.

घरी जाताना आजी काही बोलली नाही. दारात आल्यावर म्हणाली, "तू हात उचललास आन् मला माझा बाप दिसला." मग माझी मिशी पदराने पुसली.

मित्रांनो, अभिनय म्हणजे नुसती नक्कल असे मला वाटे. आता वाटते, दुसऱ्याच्या जागी उभे राहून बघणे म्हणजे अभिनय. पटत नसलेल्या माणसाच्या जागीसुद्धा! पुढच्या वर्षी तुम्हीही नाटकात भाग घ्या. नको असलेले काम मिळाले तर रडू नका. त्यातच जास्त शिकायला मिळते.

येत्या शनिवारी आजी हे भित्तिपत्रक बघायला येणार आहे. तिला वाचता येत नाही. मी तिला हा लेख वाचून दाखवणार आहे आणि शेवटी तिच्या हाताने तिचे नाव खाली लिहून घेणार आहे. ती अक्षरे आम्ही रोज रात्री गिरवतो आहोत.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी