विश्लेषण : घरी रेकॉर्ड केलेली क्लासिकल गिटार कशी ऐकायची? दाद नेमकी कशाला द्यायची?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याला लागून असलेल्या उलवे नोडमध्ये शांत खोली मिळणे आता अधिकच अवघड झाले आहे. क्लासिकल गिटारसारखे मंद आवाजाचे वाद्य घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी ही अडचण लहान नाही. हौशी वादकाला मैफलीची संधी क्वचितच मिळते. त्याचे वादन दुसऱ्या वादकापर्यंत पोहोचते ते मोबाइलमधूनच. त्यावर ‘मस्त’ असे उत्तर आले तर आनंद होतो, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही.

ही गिटार वेगळी कशी?
ब्रिजभूषण काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये (१९६७) वाजवली ती तारांवर सळई सरकवून राग वाजवण्याची गिटार. क्लासिकल गिटार स्पॅनिश परंपरेतली. तिच्या तीन तारा नायलॉनच्या असतात आणि खर्जाच्या तीन तारांवर धातूचे वेटोळे असते. पिक वापरत नाहीत, बोटे आणि नखांनी वाजवतात. अंगठा खर्ज सांभाळतो आणि इतर बोटे सुरावट. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन आवाज एकटा वादक सांभाळत असतो.

जाणकार काय ऐकतात?
पहिली गोष्ट, हे आवाज वेगळे ऐकू येतात का? सुरावट वर आणि साथ खाली राहिली, तर वादकाचा हात तयार आहे. दुसरी गोष्ट, समानता. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) यांच्या ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’मध्ये अंगठ्यानंतर तीन बोटे तोच सूर एकापाठोपाठ छेडतात. याला ट्रेमोलो म्हणतात. एक बोट जरी जड पडले तरी सुरांची सलग धार लंगडू लागते. तिसरी गोष्ट, सूर सोडण्याची पद्धत. पुढच्या जागेवर जाण्याच्या घाईत आधीचा सूर तुटला का, खर्जाच्या तारांवर बोटे घासल्याचा आवाज किती आला, हे रेकॉर्डिंगमध्ये लपत नाही.

मोबाइल काय बिघडवतो?
फोन संभाषणासाठी बनलेला असतो. अनेक फोन हळू आवाज आपोआप वाढवतात आणि मोठा दाबतात. त्यामुळे वादकाने मेहनतीने साधलेला चढ-उतार सपाट होतो. गोंगाट कमी करणारी यंत्रणा विरत जाणाऱ्या सुरालाही गोंगाट समजून कापू शकते. ऐकतानाही अडचण येते. सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो नीट येत नाही. म्हणून मत देण्याआधी इअरफोन लावावेत.

रेकॉर्ड करताना काय करावे?
* पंखा बंद करावा. पडदे, गादी असलेली खोली निवडावी.
* फोन दोन-तीन फुटांवर ठेवावा. गिटारच्या गोल छिद्रासमोर नको, मान आणि पेटी जुळते त्या बाजूला ठेवावा.
* अॅपमध्ये सोय असल्यास आवाज आपोआप जुळवणारी सेटिंग बंद करावी.
* व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोटऐवजी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

एवढा खटाटोप कशासाठी?
ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या गिटार ग्रेड परीक्षा आता व्हिडिओ पाठवूनही देता येतात. त्यामुळे रेकॉर्डिंग हीच अनेकांसाठी परीक्षेची खोली झाली आहे. त्याआधी नेमके ऐकणारा एक सहवादक मिळणे मोलाचे ठरते. बैठकीत जाणकार श्रोता जागेवर दाद देतो, समेवर मान हलवतो. रेकॉर्डिंगलाही तशीच दाद देता येते. ‘१ मिनिट २० सेकंदांवर खर्ज किती छान धरून ठेवला आहे’, एवढे एक वाक्य पुरते. काय जमले आहे आणि पुढच्या वेळी काय तसेच ठेवायचे, हे वादकाला त्यातून कळते.