लिनक्सचा संच : ठरीव की वाहता?



आपल्या शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर त्यावर लिनक्स बसवा असे कोणीतरी सुचवतेच. लिनक्स फुकट मिळते, म्हणून मुख्याध्यापकही रुकार देतात. मग प्रश्न निघतो, कोणते लिनक्स?

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पण नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. त्याला लेखनाची, चित्रांची, इंटरनेटची साधने जोडून निरनिराळी मंडळी आपापले संच तयार करतात. डेबियनचा पसारा मोठा आहे. स्लॅकवेअर आणि व्हॉइड हे संच वापरणारे थोडे, पण मोठे निष्ठावंत.

या संचांत सुधारणा करण्याच्या दोन रीती आहेत. क्रमिक पुस्तकाचेच उदाहरण घ्या. एक पुस्तक छापले की काही वर्षे तेच चालते, चूक सापडली तर तेवढे शुद्धिपत्र येते. ही झाली ठरीव आवृत्ती. दुसऱ्या पुस्तकाला आवृत्तीच नाही. नवे पान तयार झाले की जुने काढायचे आणि ते लावायचे. ही झाली वाहती आवृत्ती.

डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते, आणि प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेची शुद्धिपत्रे साधारण पाच वर्षे मिळतात. स्लॅकवेअरची १४.२ ही आवृत्ती २०१६ साली आली, आणि पुढची १५.० एकदम २०२२ च्या फेब्रुवारीत! ज्यांना तेवढा धीर नव्हता, त्यांनी त्याच संचाची 'करंट' नावाची वाहती शाखा धरली. आर्च आणि व्हॉइड हे संच तर मुळातच वाहते.

तुम्ही म्हणाल, ताजे ते चांगलेच की! नव्या यंत्राला नवा गाभा लागतो, तिथे वाहता संच उपयोगी पडतो हे खरे. पण २०२४ च्या मार्चमधली गोष्ट ऐका. एक्सझेड नावाच्या लहानशा साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवली होती. लॉगिनला किंचित जास्त वेळ का लागतो, याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. तोवर ते दूषित साधन काही वाहत्या संचांत पोचले होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र ते शिरले नव्हते. वाहत्या संचांनीही ते तातडीने काढले, पण ज्याने वेळेवर सुधारणा उतरवली त्यालाच त्याचा लाभ.

आता शाळेकडे वळू. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणक बंद राहतो. जूनमध्ये उघडावा, तर वाहत्या संचाच्या शेकडो सुधारणा साचलेल्या असतात. त्यातल्या चारच घेतल्या आणि बाकीच्या ठेवल्या, असे आर्चमध्ये चालत नाही. जुन्या-नव्याचा मेळ बिघडतो. त्यात इंटरनेट मंद असले आणि मध्येच वीज गेली, तर दुसऱ्या दिवशीचा तास बुडालाच म्हणून समजा.

पण ठरीव आवृत्ती घेतली म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. तिची मुदत संपली की शुद्धिपत्रे थांबतात. संगणक पूर्वीसारखाच चालतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि धोका तिथेच असतो.

तेव्हा संच निवडण्याआधी एकच विचारा, या संगणकाकडे दर आठवड्याला कोण पाहणार? जाणता आणि हौशी माणूस असेल, तर वाहता संच खुशाल घ्या. तो त्यातून पुष्कळ शिकेल. तसा कोणी नसेल, तर ठरीव आवृत्तीच बरी. आणि तिची मुदत कोणत्या साली संपते ते कागदावर लिहून संगणकावरच चिकटवा. तुमची बदली झाली, तरी मागून येणाऱ्या गुरुजींना ते वाचता येईल.