स्वल्पविराम बदलतो, संख्या नाही

मॅसॅच्युसेट्स राज्यातील श्रूजबरी या गावाची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ३८,३२५ भरली. हा आकडा तेथील मराठी कुटुंबातील मुलाने शाळेत इंग्रजीत वाचला काय किंवा घरी आजीसमोर मराठीत वाचला काय, स्वल्पविराम एकाच जागी राहतो. मात्र संपूर्ण राज्याची लोकसंख्या वाचायची वेळ आली की दोन वाटा फुटतात, कारण अमेरिकी रीतीने ती ७,०२९,९१७ अशी लिहितात आणि मराठी रीतीने ७०,२९,९१७ अशी.

इंग्रजी रीतीत दर तीन अंकांचा गट पडतो आणि हजाराच्या हजारपटीला मिलियन म्हणतात. भारतीय रीतीत उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन अंकांचे गट पडतात, म्हणून हजाराची शंभरपट लाख आणि लाखाची शंभरपट कोटी होते. अर्थात मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज.

दोन्हींच्या मुळाशी स्थानिक किंमत आहे, म्हणजे अंक कोणत्या घरात बसला आहे यावरून ठरणारी त्याची किंमत. वरच्या आकड्यातले शून्य लक्षस्थानी आहे, आणि ते गळाले तर सत्तर लाखांचे राज्य सात लाखांवर येते. 'सेव्हन मिलियन ट्वेंटी-नाइन थाउजंड' या वाचनात त्या शून्याचा उच्चारच होत नाही, म्हणून ऐकून लिहिणारे मूल ते सहज विसरते. मराठीत मात्र ते 'सत्तर' या शब्दातच मुरलेले असते. उलट 'एकोणतीस' या शब्दात दोन किंवा नऊ यांपैकी एकही अंक ऐकू येत नाही, कारण त्याचा अर्थ तिसाला एक उणा असा आहे. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' अशा धर्तीचे वाचन आणले, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर मोठा वाद झाला. उपायाविषयी मतभेद असू शकतात, परंतु मुलांची अडचण खरी आहे.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली, आणि त्यांतील प्रत्येक स्थान आधीच्या दसपट असल्यामुळे तेथे गट पाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये.

मॅसॅच्युसेट्सच्या अभ्यासक्रमात चौथीच्या वर्गात दहा लाखांपर्यंतच्या संख्या येतात. त्या सुमारास श्रूजबरीतील मराठी पालकांनी मुलांपुढे ७०२९९१७ असा बिनस्वल्पविरामाचा आकडा ठेवावा, उजवीकडून एकं, दहं, शतं म्हणत त्यांना घरे मोजू द्यावीत, आणि मग तोच आकडा दोन्ही रीतींनी वाचायला सांगावा.