एका घडाचे चौदा टन

दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या हेक्टरभर केळीत ४,४४४ झाडं बसतात. झाडाला घड एकच. म्हणजे फैजपूर-सावद्याकडच्या अशा एका बागेतून चार हजारांवर घड बाहेर काढायचे, आणि अजूनही ते बहुतेक माणसाच्याच अंगावरून निघतात. एक जण दांडा कापतो, दुसरा कापडाची घडी टाकलेला खांदा पुढे करतो. चिकाने काळा पडलेला सदरा, पायाखाली ओली माती, मध्येच ठिबकची नळी. केळ्याला ओरखडा उठता कामा नये, म्हणून पाऊल जपून टाकायचं.

त्या पावलांचा हिशेब मांडू. माणूस ५५ किलोचा, घड २० किलोचा. सपाट जमिनीवर चालतानाही गुडघ्यावर दर पावलाला वजनाच्या साधारण अडीच पट दाब येतो, कारण तोल सांभाळणारे स्नायूही सांधा आवळून धरतात. ७५ किलोचे झाले १८७. बाग चौरस आणि ट्रक कोपऱ्यावर असेल, तर घडामागे सरासरी १०० मीटर चाल पडते. साधारण दीडशे पावलं, एकेका गुडघ्याच्या वाट्याला ७५. बेरीज केली की २० किलोच्या एका घडासाठी एका गुडघ्याने १४ टन सोसलेले असतात. आठ जणांची टोळी धरली, तर बाग संपेपर्यंत प्रत्येकाच्या एकेका गुडघ्यावर ७,७०० टनांच्या वर. रिकामं परत येणं यात धरलेलंच नाही.

हाड याला पुरून उरतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला जवळपास दहावा हिस्सा दर वर्षी मोडून नव्याने बांधला जातो. भार वाढला तर हाड त्या जागी आणखी भक्कम होतं. अडचण आहे ती हाडांच्या टोकांवरच्या काही मिलिमीटर जाडीच्या कूर्चेची. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचा माग काढत संशोधकांनी गुडघ्यातली कूर्चा तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला: तिच्यातलं कोलॅजन तरुणपणापर्यंत तयार होतं, पुढे जवळजवळ बदलतच नाही. विशीत मिळालेल्या मालावर सत्तरीपर्यंत निभवायचं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो आणि सुटतो तेव्हा ती स्पंजासारखी सांध्यातला द्रव शोषून जगते. म्हणून चालणं तिला हवंच असतं. पण तिच्यात मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे झीज सुरू झाल्याचा पत्ता लागत नाही. जिना उतरताना कळ येते, सकाळी गुडघा आखडतो, तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. वय, लठ्ठपणा, जुनी दुखापत, आनुवंशिकता ही कारणंही आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सांध्यांच्या झिजेचे ५२.८ कोटी रुग्ण होते. त्यांतल्या ओझी वाहणाऱ्यांना आपण फक्त मलम चोळायला सांगतो, हे मला पटत नाही.

इक्वेडोर, कोस्टारिकातल्या मोठ्या बागांत घड तारेला टांगून ओढत नेतात. आपल्याकडे तेवढा खर्च नाही झेपला, तरी लागवडीच्या वेळीच बागेच्या मधोमध ट्रॅक्टरपुरती तीन मीटरची वाट सोडता येते. त्यात १३३ झाडं कमी बसतील, शंभरात तीन. घडामागची चाल १०० मीटरवरून २५ वर येईल आणि गुडघ्यावरचे १४ टन साडेतीनवर.