पेठेंतील जुनी स्कूटर

दसऱ्याच्या दिवशीं सकाळीं नारायण पेठेंतील कोणत्याहि गल्लींतून जावें, तों घरापुढें धुवून पुसून उभ्या केलेल्या वाहनांची रांग दृष्टीस पडते. हँडलास झेंडूची माळ, पुढच्या पत्र्यावर हळदकुंकवाचीं बोटें, चाकाशीं लिंबू किंवा नारळ, असा थाट असतो. पूर्वीं ज्या दिवसांत शस्त्रांची पूजा होई त्या दिवसांत मध्यमवर्गीय गृहस्थ आतां आपल्या वाहनाची पूजा करतो, व त्यांत विसंगत असें कांहीं नाहीं. ज्या साधनावर आपला चरितार्थ चालतो त्याचा मान राखावा, हाच त्या पूजेचा अर्थ आहे. या रांगेंतील बहुतेक वाहनें नवीं, बिनगिअरचीं, बटण दाबतांच सुरू होणारीं असतात. परंतु मधूनच एखादी पोलादी अंगाची, गोल फुगवट्यांची, तीस-चाळीस वर्षांची स्कूटर उभी असते, आणि तिचा मालक माळ घालण्यापूर्वीं तिचा प्लग काढून काचकागदानें घासत बसलेला असतो. शेजारी त्यास हसतात, आणि हसतां हसतां दोन घटका तेथेंच उभे राहतात.

जुनी स्कूटर सांभाळणें हा आतां पुष्कळांचा छंद झाला आहे. छंद म्हटला कीं हौस आली, व हौस आली कीं फेरबदल आला. कोणी मूळचाच रंग शोधून काढतो, कोणी अगदीं निराळा देतो. कोणी चाकें बदलतो, तर कोणी सायलेन्सर. तेव्हां सांभाळ कोठपर्यंत म्हणावा आणि मोडतोड कोठून सुरू होते, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्यांत मालकाचा पैसा, देशाचा कायदा आणि शेजाऱ्याचा श्वास हीं तिन्ही गुंतलेलीं आहेत.

या वाहनाचें मूळ इटलींत आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर तेथील पिआजिओ कंपनीस विमानांचें काम उरलें नाहीं, आणि लोकांना तर स्वस्त वाहन हवें होतें. कोर्रादिनो द'आस्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्यानें १९४६ सालीं व्हेस्पा तयार केली. या गृहस्थास मोटरसायकल मुळींच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें, साखळीच्या तेलानें कपडे माखतात, आणि पंक्चर झाल्यास चाक काढणें जिकिरीचें होतें, हे तिचे दोष त्यास खुपत. म्हणून त्यानें पाय ठेवण्यास सपाट जागा केली, इंजिन मागच्या चाकालगत बसवून साखळीच काढून टाकली, आणि चाक एकाच बाजूनें धरलें, म्हणजे मोटारीच्या चाकाप्रमाणें तें चटकन निघावें. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मागील फुगवटे, बारीक कंबर आणि तो गुणगुणता आवाज ज्यानें एकदां अनुभवला आहे, त्यास हें नांव समजावून सांगावें लागत नाहीं.

हिंदुस्थानांत बजाज मंडळींनीं १९४८ सालापासून अशीं वाहनें बाहेरून आणून विकण्यास प्रारंभ केला. १९५९ सालीं सरकारचा उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पिआजिओच्या सहकार्यानें व्हेस्पा येथेंच होऊं लागली. नारायण पेठेपासून पांच-सहा कोसांवर असलेलें आकुर्डी हें गांव या कारखान्यामुळें देशभर माहीत झालें. १९७१ सालीं इटालियन कंपनीशीं असलेला करार संपला, व १९७२ सालीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन ‘चेतक’ रस्त्यावर आली. पुढें १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यांतून ‘प्रिया’ बाहेर पडूं लागली. त्या काळीं उत्पादनावर सरकारी बंधन असे. त्यामुळें स्कूटरसाठीं नांव नोंदवून कित्येकांस दहा-दहा वर्षें वाट पाहावी लागली. मुलाच्या मुंजीच्या सुमारास नोंदविलेली स्कूटर त्याच्या महाविद्यालयाच्या दिवसांत दारांत येई. जी वस्तु मिळण्यास इतकीं वर्षें लागतात ती वस्तु माणूस सहसा टाकून देत नाहीं. आजच्या छंदाचें एक मूळ येथें आहे.

पेठेची रचनाहि या वाहनास अनुकूल होती. नारायणराव पेशव्यांचें नांव धारण करणारी ही पेठ लक्ष्मी रस्ता आणि मुठेचा कांठ यांच्यामध्यें दाटीनें वसलेली आहे. केसरीवाड्यावरून मोदी गणपतीकडे किंवा पत्र्या मारुतीकडे जाणारे रस्ते मोटारीसाठीं आंखलेले नव्हते. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. सायकल जेथून जाई तेथून स्कूटरहि जाऊं लागली. बायको मागें, मूल पुढें उभें आणि पायाशीं मंडईची पिशवी, एवढा संसार ती वाहून नेई. रात्रीं वाड्याच्या उंबऱ्यावर फळी टाकून तिला आंत घ्यावयाची आणि चौकांत उभी करावयाची, हा कित्येक घरांतील नित्यक्रम असे. १९८४ सालीं आलेल्या कायनेटिक होंडानें गिअर आणि किक या दोन्ही अडचणी दूर केल्या, आणि पुण्यांतील स्त्रियांना स्वतःचें वाहन खऱ्या अर्थानें मिळालें. चेतकचें उत्पादन पुढें बंद पडलें. २००९ सालच्या अखेरीस स्कूटरी करण्याचेंच थांबवीत असल्याचें बजाज कंपनीनें जाहीर केलें. २०२० च्या जानेवारींत चेतक हें नांव परत आलें, परंतु तें विजेवर चालणाऱ्या गाडीवर.

आतां जुन्या चेतकच्या अंतरंगाकडे वळावें. तिच्या उजव्या फुगवट्याखालीं इंजिन असतें. त्यांतील नळकांड्याचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांवहि ५७ मिलिमीटर. म्हणजे एकंदर आकारमान सुमारें १४५ घन सेंटिमीटर. हें इंजिन ‘टू-स्ट्रोक’ जातीचें आहे. मोटारीच्या इंजिनांत हवा-पेट्रोल घेणें, तें दाबणें, त्याचा भडका होणें आणि धूर बाहेर टाकणें या चार क्रियांस दट्ट्याच्या चार धांवा लागतात. येथें त्या दोन धांवांत उरकतात. त्यामुळें इंजिन हलकें, सुटसुटीत आणि घरीं उघडतां येण्याजोगें होतें. परंतु यांत वंगणाची निराळी टांकी नसते. दट्ट्यास लागणारें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. प्रमाण शेंकडा दोन, म्हणजे पांच लिटर पेट्रोलांत शंभर मिलिलिटर तेल. हें प्रमाण म्हणजे या गाडीचें पथ्य होय. तेल कमी पडल्यास दट्ट्या तापून नळकांड्यांत जाम होतो व चालती गाडी एकाएकीं अडते. ‘थोडें अधिक असलें तर काय बिघडलें?’ असें म्हणून हात सैल सोडल्यास निळा धूर निघतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीनें भरतो.

सकाळीं थंड गाडी एका अंगास तिरकी करून मग किक मारण्याची संवय पुष्कळांना आठवत असेल. तो नुसता लोकाचार नव्हता. गाडी कलविली म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलाची पातळी हलते आणि थोडें अधिक पेट्रोल इंजिनाकडे जातें. थंड इंजिनास सुरुवातीस असें दाट मिश्रणच हवें असतें. चोक ओढल्यानें हेंच कार्य अधिक नेमकेपणानें होतें. तीन-चार किकांनंतरहि गाडी दाद देत नसेल तर किक मारीत राहण्यांत अर्थ नसतो. प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोंचत आहे, पण ठिणगी नाहीं. कोरडा असेल तर ठिणगीकडे न पाहतां पेट्रोलाची वाट तपासावी, कारण जेटमध्यें कचरा अडकलेला असण्याचा संभव अधिक. तपकिरी, कोरड्या रंगाचा प्लग ही इंजिनाच्या आरोग्याची खूण होय. वैद्य जसा जीभ पाहतो, तसा जाणता मिस्त्री प्रथम प्लग पाहतो.

बाकीची निगा साधी, पण नियमित हवी. क्लच, गिअर आणि ब्रेक यांच्या तारा हँडलापासून खालपर्यंत जातात; त्यांत वर्षांतून एकदोनदां, विशेषतः पावसाळ्यापूर्वीं, तेल सोडल्यास त्या तुटत नाहींत. पुढील, मागील आणि जादा अशीं तिन्ही चाकें एकाच मापाचीं असल्यामुळें तीं आलटून पालटून वापरावींत, म्हणजे सारे टायर सारखे झिजतात. या जादा चाकास सारें शहर ‘स्टेपनी’ म्हणतें. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास मोटारींसाठीं जादा चाकें विकण्याचा धंदा निघाला, त्या रस्त्याचें नांव पेठेंतल्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं येऊन बसलें आहे. अलीकडे आणखी एक काळजी वाढली आहे. पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जातें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व वायसर यांना तें मानवत नाहीं. म्हणून गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावें, म्हणजे कार्ब्युरेटर रिता होतो. आणि रबरी भाग वेळच्या वेळीं नव्या जातीचे घालावे.

येथवर झाला तो सांभाळ. फेरबदलाचा विचार करतांना एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कांहीं बदल गाडीचें काम सुधारतात. उदाहरणार्थ, जुन्या पद्धतीच्या पॉइंटांऐवजीं इलेक्ट्रॉनिक ठिणगीची योजना केल्यास पॉइंट घासण्याचा त्रास वांचतो आणि प्रत्येक ठिणगी वेळेवर पडते. मंद दिव्याच्या जागीं चांगला दिवा आल्यास रात्रीं रस्ता दिसतो. कांहीं बदल केवळ शोभेचे असतात; बैठकीचें नवें आवरण, आरसे, पायाशीं रबरी पट्ट्या. यांनीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सायलेन्सर पोकळ करून आवाज वाढविणें, नळकांडें कोरून शक्ति वाढविणें, रुंद चाकांसाठीं सांगाडा कापणें, हे प्रकार तिसऱ्या वर्गांत मोडतात. स्कूटरचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे, त्याखालीं निराळा सांगाडा नाहीं. तो कापला म्हणजे घराची भार पेलणारी भिंत पाडून खिडकी केल्यासारखें होतें. त्या इंजिनाच्या मानानें केलेले ब्रेकहि वाढलेल्या वेगास पुरे पडत नाहींत.

कायद्याचेंहि म्हणणें याच दिशेचें आहे. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनाच्या मूळ नोंदींत मनमानी बदल करूं देत नाहीं, आणि १९१९ नव्हे, २०१९ सालच्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच अर्थ ठामपणें सांगितला. रंग बदलल्यास त्याची नोंद पुस्तकांत करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होऊन पांच-पांच वर्षांसाठीं नोंदणी वाढवून मिळते, आणि महाराष्ट्रांत त्यावेळीं पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनांस वारसा म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊं केली आहे. पहिल्या वर्षांच्या चेतक आतां त्या वयाच्या झाल्या आहेत. परंतु त्यांत एक मेख आहे: अशी नोंद झालेलें वाहन प्रदर्शन, फेरी किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतेंच रस्त्यावर आणतां येतें, रोजच्या कामास नाहीं. म्हणजे मालकानें ठरवावयाचें असतें कीं, आपल्या वडिलांची स्कूटर मानाच्या पाटावर बसवावयाची, कीं तिच्यावरून भाजी आणावयास जावयाचें.

रोज चालविण्याच्या बाजूनें बोलतांना दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. टू-स्ट्रोक इंजिनांत धूर बाहेर जात असतां नवें मिश्रणहि आंत येत असतें, आणि त्यांतील कांहीं अंश न जळतांच तेलासह बाहेर निसटतो. हा दोष मालकाच्या हलगर्जीपणाचा नाहीं, रचनेचाच आहे. उत्तम निगेनें तो कमी होतो, नाहींसा होत नाहीं. म्हणूनच नव्या प्रदूषणनियमांपुढें हें इंजिन टिकलें नाहीं. एका गल्लींत एक चेतक धूर सोडते तेव्हां तें कौतुकाचें दृश्य असतें. पन्नास सोडतील तर तेंच असह्य होईल. २०१८ सालीं पुण्यांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर जाऊन शहराच्या लोकसंख्येलाहि ओलांडून गेली. अशा शहरांत छंदास मर्यादा पाळावी लागते: प्रदूषण-तपासणी चुकवूं नये, तेलाचें माप ओलांडूं नये, आणि गल्लींत उभ्याउभ्या इंजिन गुरगुरत ठेवूं नये. ज्यांना हेंहि पुरेसें वाटत नाहीं त्यांच्यासाठीं मान्यताप्राप्त विजेचा संच बसवून घेण्याचा मार्ग आहे. मात्र संचास सरकारमान्य संस्थेची पसंती हवी आणि तो बदल नोंदणींत चढविला पाहिजे. त्यानें धूर जातो. पण त्याबरोबर ती गुणगुणहि जाते, हें आधींच जाणून असावें.

या छंदाचा खरा आधार वस्तूंपेक्षां माणसांवर आहे. सुटे भाग नाना पेठेच्या दुकानांतून अजून मिळतात. कांहीं जुन्या बाजारांत शोधावे लागतात. परंतु नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्री आतां वयस्क झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखालीं शिकणारे तरुण नव्या, संगणकानें तपासल्या जाणाऱ्या गाड्यांकडे वळले आहेत. यास्तव मालकानें स्वतः चार गोष्टी शिकून घेणें हाच शहाणपणा होय. प्लग साफ करणें, चाक बदलणें, तार घालणें आणि कार्ब्युरेटर धुणें, एवढें ज्यास येतें त्याची गाडी सहसा रस्त्यांत अडत नाहीं. हें काम घरांतील मुलगा किंवा मुलगी शेजारीं बसवून केलें, तर त्यांनाहि यंत्राची भीति राहत नाहीं.

वाडे पडून त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आणि उंबऱ्यावर टाकावयाची ती फळीहि गेली. आतां स्कूटर खांबांमध्यें आंखलेल्या जागेंत उभी राहते. ती तेथें किती वर्षें राहावी, हें तिच्या पत्र्यावर तितकें अवलंबून नाहीं, जितकें दर रविवारीं तिच्यापाशीं अर्धा तास खालीं बसण्याची कोणाची तयारी आहे, यावर आहे.