न दुखणाऱ्या हातांचं स्वयंपाकघर

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभारली. या रोगात बोटं आपोआप झडतात, हा जुना समज. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तो खोडला: नसा बधिर होतात, चटका कळत नाही आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटं जातात. जुन्या मधुमेहातही पायांपाठोपाठ हात बधिर होऊ शकतात, म्हणून हा प्रश्न आज कुणाच्याही घरातला आहे. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं; तवा तर त्याहून कितीतरी तापलेला. अशा हातांनी भाकरी बोटांनी उलटणं म्हणजे आफतच. तिथे लाकडी मुठीचा सराटा हवा, कारण लाकडापेक्षा स्टील सुमारे शंभरपट उष्णता वाहून नेतं. ‘फडकं आहे ना!’ असं कुणी म्हणेल. पण ओल्या फडक्यात हवेची जागा पाणी घेतं आणि उष्णता झटकन हातापर्यंत पोचते.

मग माणसाला चुलीपासून दूरच का ठेवू नये? सोपं वाटतं खरं. पण चहाचा तापलेला स्टीलचा पेला त्याच्या हातात खाटेवरही येतोच. त्यापेक्षा कानाचा कप द्यावा, आणि रोज रात्री उजेडात तळहात बघावेत.